पुस्तकातला जिना

हिंमतराव मिस्त्रीच्या लोखंडी पेटीत चाळीस-पंचेचाळीस पुस्तकं होती आणि त्यातलं एकही अक्षर त्याला वाचता येत नव्हतं.

पुस्तकं असं तो म्हणायचा. खरं म्हणजे ती मासिकं. गुळगुळीत कागदाची, इंग्रजी. दिवाणखाना कसा सजवावा, ओटा कुठं काढावा, अंगणात कोणत्या कुंड्या मांडाव्या, असल्या चित्रांनी गच्च भरलेली. मलकापूरच्या रद्दीवाल्याकडे मोठ्या शहरांतून गठ्ठे येत. पेपरची रद्दी किराणावाले उचलून नेत, पण या कागदाला कोणी हुंगत नसे. भजी बांधावी तर तेल पीत नाही, चूल पेटवावी तर नुसता धूर. हिंमतराव तो गठ्ठा मोटरसायकलला आवळून रोहिणखेडच्या अलीकडच्या आपल्या गावी आणायचा आणि पावसाळ्यात, काम बंद असलं की, खाटेवर पडून एकेक पान असं बघायचा जसं दुसरं कोणी पोथी बघतं.

अक्षर येत नसलं तरी चित्र वाचण्यात त्याचा हात धरणारा मोताळा तालुक्यात नव्हता. त्याची एक रीत होती. हाताखालच्या गवंड्यांना तो सांगायचा, "चित्रात आधी खुर्ची हुडकाची. खुर्ची सापडली की घर सापडलं. मानसाचं बुड जमिनीपासून दीड फुटावरच टेकते, मंग तो विलायतेतला असो का आपल्या बोदवडचा." मग झाडूची काडी चित्रातल्या खुर्चीच्या बैठकीच्या उंचीएवढी मोडायची आणि त्या काडीनं सगळं चित्र मोजत जायचं. दार किती काड्यांचं, छत किती काड्यांचं, खिडकी जमिनीपासून किती वर. कागदावर आकडे मांडले की झालं. इंजिनिअर नाही, नकाशा नाही. त्याचा बापही गवंडीच. बाप म्हणायचा, कमान शिकायची असली तर रोहिणखेडच्या मशिदीपुढं जाऊन दिवसभर बस, बघ, अन् घरी येऊन बांध. बघून बांधणं हे त्यांच्या घराण्याचं शिक्षण.

लोक त्याला पुस्तकवाला मिस्त्री म्हणत. सासऱ्यानं शेत दिलं तरी इतका फुगणार नाही एवढा तो या नावानं फुगायचा. फजितीही झाल्या. एका मास्तरला त्यानं चित्रातल्यासारखी हिरवळ करून दिली होती. चौथ्या दिवशी शेजारच्या शेळ्यांनी ती मुळासकट साफ केली. मास्तर म्हणाला, "मिस्त्री, पुस्तकात शेळ्या नव्हत्या का?" हिंमतराव म्हणाला, "पुस्तकात काहीच नसते गुरुजी. मानूसही नसते."

ते खरं होतं आणि त्याला ते पहिल्यापासून खटकायचं. या घरांमध्ये माणूस नसायचा. खुर्ची आहे, पण बसलेलं कोणी नाही. टेबलावर कप आहे, चहा आहे, पिणारा नाही. पलंगावर चादर, उशी, उघडी खिडकी, अन् सगळे कुठंतरी निघून गेलेले. वाटायचं, आत्ताच उठले इथून. चाळीस पुस्तकांमधली शेकडो घरं, आणि एकातही कोणी राहिलेलं नाही.

अर्जुनरावाचं घर त्यानं बांधलं ते अशाच एका पुस्तकावरून.

अर्जुनराव म्हणजे नळगंगेच्या कालव्यावर ओलिताची शेती असलेला गावातला बडा माणूस. मुलाचं, ज्ञानेश्वरचं लग्न काढायच्या आधी त्याला घर पाहिजे होतं, आणि ते आजूबाजूच्या पाच गावांत कोणाचं नसेल असं पाहिजे होतं. त्यानं पेटीतली सगळी पुस्तकं उलथीपालथी केली आणि एका पानावर बोट ठेवलं. पांढराशुभ्र दिवाणखाना. एका बाजूच्या भिंतीतून निघालेल्या जिन्याच्या पायऱ्या. खाली आधार नाही, बाजूला कठडा नाही. एकेक पायरी हवेत ठेवल्यासारखी. आणि प्रत्येक पायरीच्या मोकळ्या कडेला रुपयाएवढ्या दोन-दोन चकाकत्या चकत्या.

"हे बटनं कायले?" अर्जुनरावानं विचारलं.

"शो हाय भाऊ. कडेले बरं दिसते."

"मंग आपल्याले जरा मोठे लाव."

हिंमतरावानं पायऱ्यांच्या सळया भिंतीत इतक्या खोल नेल्या की बैल चढवला असता तरी पायरी हलली नसती. चकत्या मलकापूरच्या वेल्डिंगवाल्याकडून स्टीलच्या करून आणल्या आणि एकेक मापात बसवली. काम चालू असताना अर्जुनरावाची बायको, सुभद्राबाई, चहा घेऊन यायची. बाई जाडजूड, गुडघ्यांनी अधू. एक दिवस ती तिसऱ्या पायरीवर उभी राहिली आणि तिनं डावा हात बाजूला चाचपडला.

"मिस्त्री, इकडून धराले काहीच नाही का?"

हिंमतरावानं हात पुसले, पुस्तक आणलं आणि तिच्यापुढं धरलं. "पाहा बाई. पुस्तकात कुठी हाय?"

"पुस्तकातल्या बाईचे गुडघे चांगले असतीन," ती म्हणाली. अर्जुनराव खालून हसला. "पुस्तकात नाही तं नाही. तू खालीच राहा, तुले वर जाऊन का इमान उडवाचं हाय?"

घर झालं, वास्तुशांत झाली, लग्न झालं. नांदुऱ्याची अनुपमा सून होऊन आली. लोक नुसता जिना पाहायला येत.

चैत्रात कुरडयांचे दिवस आले. वाळवण घालायला गच्चीशिवाय जागा कुठं? सुभद्राबाई दोन्ही हातांत गरम चिकाची परात घेऊन भर सकाळी जिना चढत होती. परातीमुळं पाय दिसत नव्हते. सहाव्या की सातव्या पायरीवरून तिचा डावा पाय हवेत पडला. खाली नवी फरशी होती. दवाखान्यात न्यायचंही काम पडलं नाही.

जिन्याला कठडा नव्हता असं कोणीही म्हणालं नाही, कारण गावातल्या अर्ध्या जिन्यांना कठडे नाहीत आणि लोक त्यांवरून जन्मभर चढतात-उतरतात. गावाला कारण दुसरं सापडलं. नवी सून घरात येऊन दोन महिने नाही झाले आणि सासू गेली. पांढऱ्या पायाची आहे. तेराव्याच्या जेवणातच हे बोलणं पंगतीतून फिरलं. मग कोणी म्हणालं, जिन्यावर पाय वाजतात. सहा पायऱ्या वाजतात आणि थांबतात. ज्ञानेश्वरच्या आत्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग अर्जुनरावानं पुढचा दिवाणखाना कुलूप लावून बंद केला आणि तो मागच्या जुन्या खोल्यांत राहायला गेला. आणि एका सकाळी ज्ञानेश्वर अनुपमाला मोटरसायकलवर बसवून नांदुऱ्याला सोडून आला. "चार दिवस राहा," असं म्हणाला. त्या चार दिवसांचे महिने झाले, मग वर्ष झालं.

हिंमतरावाचं काही बिघडलं नाही. उलट दोघांनी येऊन विचारलं, तसा जिना आम्हाला बांधून दे. त्यानं नाही म्हटलं. का नाही म्हटलं हे त्याचं त्यालाही नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या वर्षीची दिवाळी झाली. कार्तिकात त्याची बायको गोजरबाई म्हणाली, शेगावला दर्शनाला जाऊ. गेले. गर्दी होती, मुक्काम पडला, स्टेशनकडच्या एका नव्या लॉजवर खोली मिळाली. दर्शन उरकून दुपारी परत आले तर समोरच्या जिन्यावरून एक बाई उतरत होती. कडेवर लेकरू, कानाला फोन, नजर भलतीकडं. आणि जिन्याला बाजूनं काही नव्हतं.

"अवं बाई! भिंतीकून चाल, भिंतीकून!" हिंमतराव असा ओरडला की गल्ल्यावरचा माणूस उभा राहिला.

बाई थांबली, त्याच्याकडं पाहून हसली आणि हवेवर रेलली.

हवेनं तिला धरलं.

"काच हाय काका," गल्ल्यावरचा म्हणाला. "रोज पुसतो आमी, म्हनून दिसत नाही."

हिंमतराव जिन्यापाशी गेला. हात पुढं केला. थंड काहीतरी हाताला लागलं, कमरेएवढं उंच, वरपर्यंत गेलेलं. मग तो खाली बसला. प्रत्येक पायरीच्या कडेला रुपयाएवढ्या दोन-दोन चकाकत्या चकत्या होत्या, आणि त्या चकत्यांनी ती काच गच्च आवळून धरली होती.

तो तिथंच बसून राहिला. येणारे-जाणारे त्याला वळसा घालून जात होते.

"चक्कर आली का?" गोजरबाईनं विचारलं.

"फोटू काढ," तो म्हणाला. "फोनमंधी याचा फोटू काढ."

तिनं काढला. फोटोत जिना होता, पायऱ्या होत्या, चकत्या होत्या. काच नव्हती.

घरी आल्यावर त्यानं पेटी उघडली, ते पुस्तक काढलं आणि अंगणात उन्हात धरून तिरपं केलं. चौथ्या पायरीपाशी केसाएवढी एक उभी रेघ होती. खिडकीचा उजेड त्या रेघेपाशी जरासा मोडला होता. ही रेघ त्यानं तेव्हाही पाहिली होती. छापखान्याची चूक समजून सोडून दिली होती. मिस्त्री झाल्यापासून त्यानं काच पाहिली ती खिडकीला, कपाटाला, फार तर दुकानाच्या दाराला. काचेला कोणी टेकतं, हे त्याच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

त्यानं गोजरबाईला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, निवडत राहिली.

"कोनाले सांगू नको," ती म्हणाली.

"ती पोट्टी नांदुऱ्याले बसून हाय गोजर."

"ते का तुमी बसवली? त्यायच्या घरच्यायनं बसवली. तुमी फक्त जिना बांधला."

"तेच तं."

"तेच तं काय? बाई का परत येनार हाय? तुमाले मातर उद्यापासून कोनी कोंबड्याचं खुराडंही बांधू देनार नाही. दोन कामं हातात हायेत, तोंड बंद ठेवा."

त्यानं तोंड बंद ठेवलं. कार्तिक गेला, मार्गशीर्ष गेला. काम जोरात चालू होतं. आणि सुभद्राबाई त्याच्या घरी यायला लागली.

पहिल्यांदा आली तेव्हा तो हात-पाय धूत होता. दिवस मावळत होता. न्हाणीच्या कडेला ती उभी होती, रोजच्या लुगड्यात. तिनं डावा हात बाजूला काढला होता आणि काही सापडतं का असं ती चाचपडत होती. त्यानं तोंडावर पाणी मारलं. ती होतीच. पुढं रोज यायची. कधी ओट्याच्या कडेला, कधी गोठ्याच्या दाराशी. काही बोलायची नाही, भिववायची नाही, त्याच्याकडं बघायचीही नाही. नुसती उभी राहायची आणि हात फिरवायची. उभी राहून राहून तिचे गुडघे दुखत असतील, असं त्याच्या मनात यायचं आणि मग तो भाकर तशीच टाकून उठायचा. पुस्तकं पाहावी तर प्रत्येक पानावरच्या रिकाम्या खोलीतून कोणीतरी आत्ताच बाहेर पडलंय आणि लुगड्याचा काठ तेवढा दाराआड जाताना दिसायचा राहिलाय, असं वाटे. त्यानं पेटीला कुलूप घातलं.

माघात अर्जुनरावानं बोलावणं धाडलं. माणूस दोन वर्षांत दहा वर्षांनी वाकला होता.

"मिस्त्री, रविवारच्या आत तो जिना फोडून टाक. भगतानं सांगतलं, जिना उखडल्याबिगर ते हलत नाही. रविवारी नांदुऱ्याचे लोक येऊन राह्यले. पोरीची फारकत लिहून घेतो. एकदाचं घर मोकळं होते."

किल्ली घेऊन हिंमतराव शुक्रवारी घण-छन्नीसकट दिवाणखान्यात शिरला. दीड वर्ष बंद असलेली हवा. सोफ्यावरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. टेबल, खुर्च्या, कपाटात कपबशा, आणि माणूस नाही. आपण चित्रात आलो, असं त्याला वाटलं. तो जिन्यापाशी उभा राहिला आणि सुभद्राबाईची वाट पाहू लागला. दुपार कलली. ती आली नाही. सगळं गाव म्हणत होतं ती या जिन्यावर आहे, आणि जिन्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हणजे ती फक्त त्याच्याचकडं येत होती. ते कळल्यावर मात्र तो भ्यायला.

त्यानं घण उचलला. मग त्याची नजर चकत्यांवर गेली. जिना फुटला की चकत्याही मलब्यात जाणार, आणि मग आपण काय बांधायला पाहिजे होतं आणि काय बांधलं, हे सांगायला कोणीच राहणार नाही. त्याच्या पेटीतलं एक पान सोडून.

त्यानं घण खाली ठेवला. शनिवारीही तो तसाच परत आला.

रविवारी अर्जुनरावाच्या ओसरीत पाच-सहा माणसं बसली होती. अनुपमाचे वडील उत्तमराव टोपी मांडीवर घेऊन, अनुपमा दाराच्या चौकटीला टेकून, ज्ञानेश्वर मान खाली घालून. मधे सतरंजीवर लिहिलेला कागद, त्यावर पेन. हिंमतराव पुस्तक काखेत मारून आला.

"काऊन बे मिस्त्री," अर्जुनराव म्हणाला, "जिना अजून फोडला काऊन नाही?"

"भाऊ, आधी आत चला. सारेच चला."

सगळ्यांना जिन्यापाशी उभं करून त्यानं सांगितलं. पुस्तक दाखवलं, ती रेघ दाखवली. फोनमधला शेगावचा फोटो दाखवला आणि म्हणाला, यात काच हाय, मी हातानं चाचपली. मग चकतीवर बोट ठेवून म्हणाला, "हे काच धराले असते. मी शो म्हनून लावल्या. पोरीच्या पायानं काही झालं नाही. बाई त्या बाजूनं कलली असन, तिथं कठडा पायजे होता. तो मले चित्रात दिसला नाही."

अर्जुनराव खाली बसला आणि एकेका चकतीवरून अंगठा फिरवत राहिला.

"मी म्हनलो होतो, मोठ्या लाव," तो म्हणाला. मग, वर न बघता, "तुले कधी समजलं?"

खोटं बोलायला जागा होती. काल समजलं म्हटलं असतं तरी कोणी तपासलं नसतं.

"कार्तिकात."

"माघ चालू हाय मिस्त्री," उत्तमराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. "गलती कोनाच्याही हातून होते. तुह्या हातून झाली, यायनं त्याचं खापर माह्या पोरीवर फोडलं, ते समजलं. पन तीन महिने? तीन महिने माही पोर सनावाराले कोनाच्या दारात जात नाही, कोनाच्या लेकराले हात लावत नाही. आन तुले इथं भाकर गोड लागे का बे?"

ज्ञानेश्वरनं ओसरीतून कागद उचलून आणला आणि फाडायला धरला. अनुपमानं त्याच्या हातातून तो काढून घेतला.

"राहू द्या," ती म्हणाली. "फाडाचा का सही कराची, ते मी पाहीन. आज मी बाबासंगं जातो."



हिंमतराव निघाला तेव्हा ती त्याच्यामागं फाटकापर्यंत आली. त्याला वाटलं, आता ही थुंकणार.

"काका," तिनं हळूच विचारलं, "तुमाले सासूबाई दिसते का?"

तो थबकला. "हाव."

"मलेही दिसते. मले वाटे, मले एकलीलेच." "त्या दिवशी त्यायनं मले हाक मारली होती, परात धर म्हनून. मी केस विंचरून राह्यलती. म्हनलं, आलो. गेलो नाही लगेच. हे कोनाले सांगतलं नाही मी."

"पोरी, ते का तुही..."

"तुमी नका सांगू मले," ती म्हणाली आणि आत गेली.

घरी आला तेव्हा दिवेलागण झाली होती. गोजरबाईनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि काय झालं ते ओळखलं.

"सांगतलं?"

"हाव."

"चुन्या-गाऱ्याचं काम संपलं मंग."

"संपलं."

तिनं शिव्या दिल्या नाहीत. पाण्याचा तांब्या ठेवला, भाकर वाढली, वरून ठेचा ठेवला आणि पलीकडं तोंड करून चुलीतली लाकडं मागं ओढली. हिंमतरावाला वाटलं होतं, बोलून टाकल्यावर सुभद्राबाई येणार नाही. रस्ताभर तो हेच धरून चालत आला होता. त्यानं घास मोडला आणि वर पाहिलं.

आली होती. पण आज उभी नव्हती. ओट्याच्या कडेला गुडघे दाबत बसली होती आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं बघत होती.